गोलकीपर एकच होती

हौशी महिला क्लबांच्या राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धेची अंतिम टप्पा मुंबईत कूपरेज मैदानावर झाला, तेव्हा आयोजकांच्या वतीने मैदानावर बसणारी फिजिओथेरपिस्ट म्हणून मी काम पाहत होते. व्यावसायिक संघांकडे स्वतःचे डॉक्टर आणि फिजिओ असतात. हौशी संघांकडे बहुतेक वेळा एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापक आणि वेदनाशामक स्प्रेची एक बाटली एवढाच लवाजमा असतो. त्यामुळे दोन्ही संघांच्या दुखापतींची जबाबदारी आयोजकांनी नेमलेल्या माणसावर येते आणि कुठल्याच संघाला तो माणूस आपला वाटत नाही. एका उपांत्य सामन्यात मला याचा पुरेपूर प्रत्यय आला.

सामना कोल्हापूरच्या एका क्लबचा इंफाळच्या क्लबशी होता. फिफाच्या नियमांनुसार क्लबशी लेखी करार असलेली आणि प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त मोबदला मिळणारी खेळाडू तेवढी व्यावसायिक. बाकी सगळ्या हौशी. कोल्हापूरच्या संघात झाडून सगळ्या दुसऱ्या व्याख्येतल्या होत्या. कोणी पोलीस भरतीची तयारी करीत होती, कोणी शाळेत खेळ शिकवीत होती, बाकीच्या महाविद्यालयात शिकत होत्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून त्या आल्या होत्या. नोंदणीच्या यादीत दोन गोलकीपर होत्या, परंतु दुसरीचा बी.कॉम.चा पेपर असल्याने ती आलीच नव्हती. एप्रिलमध्ये स्पर्धा ठेवली की असे होणारच, हे आयोजकांना कोणीतरी सांगायला हवे होते.

या मुलींसाठी त्या सामन्याचे मोल काय होते, हे समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. राजमाता जिजाबाई करंडकाची राष्ट्रीय स्पर्धा राज्यांच्या संघांची असते. तिथे निवड झाली तर खेळायचे, नाहीतर घरी बसून निकाल वाचायचे. महिला क्लबांसाठी इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली आणि तिची दुसरी श्रेणी २०२३-२४ मध्ये आली. लीगच्या पहिल्या हंगामाचे विजेतेपद इंफाळच्याच ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने मिळवले होते. मणिपूरमध्ये मुलींच्या फुटबॉलची परंपरा एवढी जुनी आणि पक्की आहे की तिथल्या संघाशी गाठ पडली म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे चेहरे नाणेफेकीआधीच उतरतात. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल मोठे आहे, शाहू स्टेडियम गर्दीने ओसंडते, पण ती सारी हौस प्रामुख्याने मुलांच्या खेळाची. असा संघ मध्यंतराला १-० ने पुढे होता.

ऊन मी म्हणत होते. कूपरेजवर कृत्रिम हिरवळ आहे आणि ती नैसर्गिक गवतापेक्षा कितीतरी अधिक तापते; बुटांच्या तळव्यांतून चटका जाणवतो अशी मुलींची तक्रार सकाळपासून होती. तिसाव्या मिनिटाच्या सुमारास पंचांनी खेळ थांबवून पाण्यासाठी आणि अंग गार करण्यासाठी विश्रांती दिली होती. उन्हाचा हा तपशील पुढच्या वादात महत्त्वाचा ठरला.

अडुसष्टाव्या मिनिटाला उजवीकडून आलेला क्रॉस पकडण्यासाठी कोल्हापूरची गोलकीपर पुढे झेपावली आणि धावत आलेल्या आघाडीच्या खेळाडूचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. पंचांनी शिट्टी वाजवून मला आत बोलावले. मी पोहोचेपर्यंत तिने डोळे उघडले होते, पण त्याआधी काही क्षण ती निश्चल पडली होती, असे जवळच्या बचावपटूने सांगितले. अशा वेळी सर्वप्रथम मान पाहायची असते. मानेत वेदना, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, दुहेरी दिसणे, उलटी, झटके यांपैकी काही असेल तर खेळाडूला जागचे हलवायचेही नाही. तसे काही नव्हते. ती स्वतःच उठून बसली आणि म्हणाली, "काय झालेलं न्हाई मला, मॅडम. खेळतो की मी."

मेंदूला हादरा बसला आहे का, हे मैदानावर पडताळण्यासाठी काही ठरलेले प्रश्न असतात. आपण कोणत्या मैदानावर आहोत, हा कितवा हाफ आहे, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी झाला, तो जिंकलात का. आजची तारीख किंवा वार यांपेक्षा या प्रश्नांवर अधिक भरवसा ठेवतात, कारण खेळात बुडालेली खेळाडू वार विसरते, मागचा सामना सहसा विसरत नाही. तिने कूपरेज सांगितले, दुसरा हाफ सांगितला, गोल करणाऱ्या मैत्रिणीचे नाव सांगितले. मागच्या सामन्याबद्दल विचारल्यावर मात्र तिने कोल्हापुरातल्या एका स्थानिक सामन्याचे वर्णन सुरू केले. दोन दिवसांपूर्वी याच मैदानावर झालेला उपउपांत्य सामना, ज्यात तिने पेनल्टी अडवली होती, तिच्या बोलण्यात कुठेच नव्हता. बोलत असताना ती उजव्या हातमोज्याची मनगटावरची पट्टी उघडत होती, घट्ट लावत होती आणि पुन्हा उघडत होती. पट्टी नीट बसलेली होती. मग तिने मला विचारले, "मॅडम, गोल झाला काय?" झाला नाही, असे मी सांगितले. थोड्याच वेळात तिने तोच प्रश्न त्याच स्वरात पुन्हा विचारला. माझ्या दृष्टीने तपासणी तिथे संपली होती.

प्रशिक्षक तोवर सीमारेषेपर्यंत आले होते. "मॅडम, ऊन लागलंय तिला, दुसरं काय न्हाई. पाणी मारा तोंडावर. वीस-बावीस मिनिटं राहिल्यात." त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. उन्हाच्या त्रासातही डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. पण उन्हाने थकलेली मुलगी डोक्याला मार बसण्याच्या क्षणापर्यंत व्यवस्थित ओरडून बचावफळी लावत नसते. शिवाय डोक्याच्या दुखापतीत शंका असेल तर खेळाडूला बाहेर काढायचे, हाच नियम जगभर पाळला जातो. पहिला हादरा पूर्ण बरा होण्याआधी दुसरा बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, तो जिवावर बेतू शकतो. मुलगी एकोणीस वर्षांची होती.

"दुसरी गोलकीपरच न्हाई आमच्याकडं," प्रशिक्षक म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज खाली आला होता. मला राग येण्याऐवजी वाईट वाटले, कारण हा माणूस मुलीचा जीव धोक्यात घालणारा नव्हता. सकाळी तिच्याच घोट्याला टेप लावून घेण्यासाठी तो माझ्याकडे दोनदा येऊन गेला होता.

मी पंचांना सांगितले की ही खेळाडू पुढे खेळू शकत नाही. पंचबाई परराज्यातल्या होत्या, अतिशय शांत. जखमी खेळाडू त्यांच्या परवानगीशिवाय मैदानात परत येऊ शकत नाही, आणि ती परवानगी मिळणार नाही असे त्यांनी प्रशिक्षकांना हिंदीत, एकाच वाक्यात सांगितले. मेंदूला हादरा बसल्यास नेहमीच्या बदली खेळाडूंच्या संख्येत न मोजली जाणारी कायमची बदली खेळाडू देण्याची तरतूद २०२४ पासून खेळाच्या नियमांत आली आहे. स्पर्धेने ती स्वीकारावी लागते आणि या स्पर्धेने ती स्वीकारली होती. नियमपुस्तिकेतले ते पान दोन्ही संघांनी उघडलेले नव्हते. त्याच तरतुदीनुसार विरोधी संघालाही एक जादा बदल मिळतो. इंफाळच्या प्रशिक्षकांना हे कळताच त्यांनी ताज्या दमाची एक विंगर आत पाठवली. त्यात काही गैर नव्हते, पण कोल्हापूरच्या बाकावरून माझ्याकडे ज्या नजरा आल्या, त्या मला अजून आठवतात.

आता गोलमध्ये कोण? उंच म्हणून मधल्या फळीतल्या बचावपटूला उभे करायचे ठरले. गोलकीपरची जर्सी वेगळ्या रंगाची असावी लागते आणि ती एकच होती, जखमी मुलीच्या अंगावर. चार-पाच जणींनी टॉवेल धरून आडोसा केला, आत ती घामाने चिंब झालेली हिरवी जर्सी एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर गेली, आणि गोलकीपर बाहेर आली ती स्वयंसेवकांचा ढगळ पांढरा टी-शर्ट घालून. हातमोजे मात्र ती देईना. शेवटी कर्णधाराने "दे गं बाई, आणतो परत" म्हणत ते काढून घेतले.

सामना कोल्हापूरने १-२ असा गमावला. पहिला गोल कॉर्नरवर झाला. नवी गोलकीपर रेषेवर खिळून राहिली. बिचारीने पुढे येऊन चेंडू पकडण्याचा सराव कधी केलाच नव्हता. दुसरा गोल अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला झाला आणि तो कोणत्याही गोलकीपरला अडवता आला नसता, असे माझे मत आहे. प्रशिक्षकांचे मत वेगळे आहे.

मी हे दोन्ही गोल पाहिले ते ओझरतेच, कारण रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांसोबत मी तिच्याजवळ होते. शेवटच्या शिट्टीआधी तिला उलटी झाली आणि आम्ही लगेच निघालो. रुग्णालयात सीटी स्कॅन केले, रक्तस्राव नव्हता. मेंदूला बसलेला हादरा स्कॅनमध्ये दिसत नाही, त्यामुळे स्कॅन चांगले आले म्हणजे दुखापत झाली नाही असे होत नाही, हे मला प्रशिक्षकांना, व्यवस्थापकांना आणि फोनवर तिच्या आईला वेगवेगळे समजावून सांगावे लागले. आई सर्वांत लवकर समजली. "तिला तिथंच ठेवा रात्रभर, गाडीत बसवू नका," असे तिने माझ्याआधीच सांगितले.

खेळात परतण्याचा मार्ग टप्प्याटप्प्याचा असतो: आधी रोजचे व्यवहार, मग हलका व्यायाम, मग धावणे, अंगाला अंग न लावता सराव, डॉक्टरांच्या संमतीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना, लक्षणे वाढली तर एक पायरी मागे. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा असतो. हौशी क्लबात हे कोण पाहणार? मी तो तक्ता मराठीत लिहून आईच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला. प्रशिक्षकांनी पुढच्या आठवड्यात फोन करून 'फिट' असल्याचे पत्र मागितले. कोल्हापुरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय ते मिळणार नाही, असे मी कळवले. त्यांनी कुरकुर केली, आणि तिला घेऊन ते गेले.

स्पर्धेच्या अहवालात मी शिफारस केली की प्रत्येक संघाने दोन गोलकीपर प्रत्यक्ष हजर ठेवाव्यात आणि राखीव जर्सी आणावी. आयोजकांना ती पटली. त्यावर त्याच प्रशिक्षकांनी मला विचारले की आणखी एका मुलीचे तिकीट, राहणे आणि जेवण कोण देणार, आणि तिचा पेपर बुडाला तर विद्यापीठाशी कोण बोलणार. मी तो प्रश्न जसाच्या तसा आयोजकांकडे पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही.