मिग, टिग आणि रॉड एकाच मशीनमध्ये: गावच्या वर्कशॉपसाठी निवड कशी करावी

मिग (गॅसच्या आवरणात आपोआप पुढे येणाऱ्या तारेने जोडणे), टिग (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आवरणात जोडणे) आणि रॉड (लेप असलेल्या वेल्डिंग रॉडने जोडणे) या तिन्ही पद्धतींनी चालणारे वेल्डिंग मशीन घ्यावे का, असे आमच्या यवतमाळ भागातले कास्तकार आणि गावोगावचे वेल्डर अलीकडे विचारतात. जरूर घ्यावे, पण ते मिगच्या आकर्षणापोटी न निवडता रॉडच्या मोडवरून पारखावे, असे माझे ठाम मत आहे. वखराची पास, कल्टिव्हेटरचे फण, ट्रॉलीचा हूक ही कामे बहुधा उघड्यावर होतात. तिथे वाऱ्याने मिगचा गॅस उडून जातो आणि जोडात बारीक छिद्रे पडतात. रॉडला मात्र स्वतःच्या फ्लक्सचे, म्हणजे जोडाला हवेपासून वाचवणाऱ्या लेपाचे, आवरण असते आणि सिलिंडर भरून आणण्यासाठी शहर गाठावे लागत नाही.

रॉड आणि टिगसाठी हात थोडा वरखाली झाला तरी करंट स्थिर राहावा लागतो, तर मिगमध्ये तार ठरावीक वेगाने येत असल्यामुळे व्होल्टेज स्थिर ठेवावे लागते. आयजीबीटी इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक स्विचने वीज नियंत्रित करणारे मशीन) मोड बदलताच या दोन्ही रीतींनी चालतो, म्हणून एकाच पेटीत हे सारे बसते.

रॉडच्या मोडमध्ये तीन सोयी पाहाव्यात. हॉट स्टार्टमुळे सुरुवातीला क्षणभर जास्त करंट मिळून आर्क (रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत) चटकन पेटते. आर्क फोर्समुळे रॉड जवळ गेला की करंट वाढतो आणि आर्क विझत नाही. आणि रॉड चिकटलाच, तर अँटी-स्टिक करंट पाडते, त्यामुळे तो लाल न होता सुटतो. जाड आणि कडक पोलादासाठी ७०१८ या प्रकारचा रॉड वापरणाऱ्याला आर्क फोर्स वेगळ्या नॉबने कमीजास्त करता येणे फार उपयोगी पडते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न विजेचा आहे. २०० अँपिअरवर रॉडच्या आर्कचे व्होल्टेज साधारण २८ धरतात, म्हणजे नुसत्या आर्कलाच ५.६ किलोवॅट लागतात आणि मशीनमधली घट त्यावर वेगळी; घरातल्या साध्या वायरिंगला हा भार पेलत नाही. मशीनच्या प्लेटवर २३० व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के असे लिहिले असेल, तर सुमारे १९५ व्होल्टच्या खाली ते मशीन नीट चालेल याची खात्री नसते, आणि रब्बीत सगळे कृषिपंप एकदम सुरू झाल्यावर आमच्याकडे व्होल्टेज किती पडते, हे कोणाला सांगायला नको. ड्यूटी सायकलही, म्हणजे दहा मिनिटांत मशीन किती वेळ सलग चालवता येते तेही, नीट वाचावी. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम. पण हे माप साधारणतः ४० अंश तापमानाला काढलेले असते आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक उष्मा असतो.

मिगची खरी कमाई दाराआडच्या कामात आहे. १६ गेजच्या चौकोनी पाइपची गेटे आणि ग्रिल ०.८ मिलिमीटर तारेने झपाट्याने आणि स्लॅग (जोडावरची खपली) न झाडता होतात. गॅस नसेल तेव्हा बिनगॅसची फ्लक्स-कोअर तार चालते. मात्र तिच्यासाठी टॉर्च निगेटिव्हला आणि अर्थ पॉझिटिव्हला जोडावा लागतो, म्हणून जोडणी बदलता येणारे मशीनच घ्यावे.

टिगचा मोड बहुतेक स्वस्त मशीनमध्ये डीसी असतो. शुद्ध आर्गॉन लावून त्यावर स्टेनलेस स्टील उत्तम जोडता येते, पण अ‍ॅल्युमिनियमच्या दुधाच्या कॅनसाठी एसी टिग लागते. त्या कामाच्या नावावर कोणी जादा किंमत सांगत असेल, तर मशीनवर एसीची नोंद आहे का, हे आधी तपासावे.