सांगलीत ग्रीव्ह्जची आठवण कशी काढायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सप्टेंबर आला की हा प्रश्न हमखास येतो: जिमी ग्रीव्ह्ज हा फुटबॉलपटू लंडनचा, त्यातून साठच्या दशकातला, त्याच्या आठवणीत सांगलीत बसून करायचं तरी काय? कुणी पुढे असंही विचारतं, की कवठेपिरानचे पैलवान मारुती माने असताना हा कशाला? मानेंचं तर करायचंच, १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण आपल्या जिल्ह्याचं आहे. पण आपल्याकडचा कुस्तीशौकीन पैलवान लक्षात ठेवतो तो डावावरून. कुणी कुणाला कुठल्या डावावर चीत केलं, हे त्याला तीस वर्षांनीही सांगता येतं. फुटबॉलवाल्याची आठवणही तशीच काढावी. फोटोचा फ्लेक्स लावला, हार घातला, दोन मिनिटं मान खाली घातली. यात ग्रीव्ह्ज कुठे आला?

म्हणून आधी माहिती पक्की हवी. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च साखळीत, ३५७ गोल, देशासाठी ५७ सामन्यांत ४४. चेल्सी, मिलान, टॉटनहॅम, वेस्ट हॅम आणि इंग्लंड, प्रत्येक संघाकडून पहिल्याच सामन्यात गोल. टॉटनहॅमने त्याला ९९,९९९ पौंडांना घेतलं, कारण एक लाखाचा पहिला खेळाडू हे ओझं त्याच्या डोक्यावर नको होतं. १९६६च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध नडगी फाटली, जागी जेफ हर्स्ट आला आणि अंतिम सामन्यात त्याने तीन गोल मारून इंग्लंडला जिंकून दिलं. अंतिम सामना न खेळलेल्या ग्रीव्ह्जला पदक मिळालं ते २००९ साली. मधल्या काळात दारूने त्याला पार धुऊन काढलं होतं. १९७८ला ती सुटली आणि पुढे तो टीव्हीवर आला. १९८५ ते १९९२ इयन सेंट जॉन या माजी फुटबॉलपटूबरोबर शनिवारी दुपारी त्याचा कार्यक्रम असायचा. फुटबॉलवर हसावं कसं, हे तिथे दिसायचं. उपदेश नाही, आपल्या वेळच्या खेळाचं तुणतुणं नाही.

कार्यक्रमाची सुरुवात पडद्यावर करावी. ऑक्टोबर १९६५मधला, टॉटनहॅमकडून मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा गोल घ्या. बचावपटूंना एकामागून एक चुकवत, शेवटी गोलरक्षकालाही वळसा घालून मारलेला. एकदा सरळ दाखवा, एकदा संथ, आणि तिसऱ्यांदा आवाज बंद करून मराठी समालोचनासह. गडबड होते ती इथेच. चित्र कृष्णधवल, शर्टावर नावं नाहीत, नुसते आकडे. दोन्ही संघांचे अकरा-अकरा आकडे आणि नावं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून माइकवाल्यापुढे ठेवा. माइकवाल्याने नाव, जागा आणि पाय सांगायचा, चेंडू जाळ्यात गेला की गप्प बसायचं. आपल्याकडच्या उत्साही निवेदकाला हे शेवटचं फार जड जातं. कर्णा नेहमी माइकच्या पुढे, तोंड लोकांकडे. माइक त्याच्यासमोर आला की शिट्टी सुरू.

मग मैदान. ग्रीव्ह्ज चेंडू जोरात हाणायचा नाही, पास द्यावा तसा जाळ्यात सरकवायचा. पोरांकडून तेच करून घ्यायचं. गोल मापाचा, ७.३२ मीटर रुंद. दोन्ही खांबांपासून आत एकेक मीटरवर प्लास्टिकचा शंकू, म्हणजे कोन, ठेवा, चेंडू पेनल्टीच्या ठिपक्यावर, म्हणजे ११ मीटरवर. खांब आणि कोन यांच्या मधून, जमिनीलगत गेलेला चेंडूच गोल धरायचा. प्रत्येकाला दहा चेंडू, पाच उजव्या पायाने, पाच डाव्या. वरून जोरात मारलेला कितीही देखणा असला तरी शून्य. यावर कुरकुर होणारच. बहुतेकांचा चेंडू उडतो, कारण टेकलेला पाय मागे राहतो आणि अंगही मागे झुकतं. टेकता पाय चेंडूच्या शेजारी वीतभर अंतरावर, घोटा घट्ट, पायाची आतली बाजू. हे जमलं की गोलरक्षक उभा करा आणि चेंडू चालता द्या. गोलरक्षकाने पाऊल उचललेलं असतं त्या क्षणी मारायचं, कारण ते टेकेपर्यंत त्याला झेप घेता येत नाही. ग्रीव्ह्जचे निम्मे गोल सोपे वाटतात ते यामुळे.

सप्टेंबरातली काळी माती मात्र सगळ्यावर पाणी फिरवते. चेंडू चिखलात रुततो, बुटांच्या खुंट्या भरतात. मैदानाची चढाची बाजू निवडा. मैदान आखायची पांढरी फक्की सकाळी मारली तर पावसाने दुपारपर्यंत जाते. खेळाआधी तासभर मारा. फक्कीऐवजी चुना अजिबात नको, ओल्या कातडीला भाजतो.

पोरांच्या सामन्याआधी स्तब्धतेऐवजी मिनिटभर टाळ्या वाजवा. ग्रीव्ह्ज गेला १९ सप्टेंबर २०२१ला, ८१व्या वर्षी, आणि त्याच दिवशी त्याचे दोन जुने क्लब, टॉटनहॅम आणि चेल्सी, समोरासमोर होते. तिथेही टाळ्याच वाजल्या. मग चेल्सीने ३-० जिंकलं, ते सोडा. टाळ्या सुरू आणि बंद पंचाच्या शिट्टीवर, नाहीतर अर्धे थांबतात आणि अर्धे वाजवत राहतात.

तारखेचं एक. त्या वर्षी १९ सप्टेंबरलाच अनंत चतुर्दशी होती. तारीख गणपतीत आली की स्पीकरवाला मिळत नाही, मिळाला तर दुप्पट मागतो, आणि विसर्जनाला मिरजेतून तर कुणीच येत नाही. विसर्जनानंतरचा रविवार धरा. पाऊसच नको असेल तर जन्मतारीख, २० फेब्रुवारी: मैदान कोरडं, स्पीकर मोकळा. फक्त दहावी-बारावीची पोरं येणार नाहीत, हे धरून संघ पाडा.