पाळलेल्या पोपटाचे पंख कातरण्याआधी

आपला हिरवा राघू या विषयात येतच नाही. ढोलीतून पिल्लू काढून पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. असा राघू घरात असेल तर कात्री बाजूला ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा. पिसं कातरली की ती पुन्हा येईपर्यंत त्याला रानात सोडताही येत नाही. पुढचं सगळं कॉकाटेल, लव्हबर्ड, कन्युअर या परदेशी पोपटांबद्दल.

गावाकडे कातरायची घाई होते ती एप्रिल-मेमध्ये. पंखा दिवसभर फिरतो, दार सताड उघडं असतं. पण पक्षी पिंजऱ्याबाहेर असताना पंखा बंद ठेवायचा, याला पर्याय नाही. कॉकाटेल अंगानं हलका, कातरूनही पात्यापर्यंत पोचू शकतो. दाराला जाळीचं दार लावा, कवेलूखालच्या फटींना मच्छरजाळी ठोका. आणि कातरलाय म्हणून त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फिरणं सगळ्यात वाईट. वाऱ्याच्या झोतासरशी तो कडुलिंबावर जातो, तिथून परत यायचं बळ नसतं. खाली उतरला तर बोका बसलेलाच.

माझं मत न कातरण्याकडे आहे. उडणं बंद झालं की पक्षी अंगानं सुटतो, काही तर कंटाळून स्वतःचीच पिसं उपटतात. तरीही कातरायचंच असेल, तर पिल्लू आधी नीट उडायला आणि उतरायला शिकलेलं हवं.

काम सकाळी, ऊन चढायच्या आत, दोघांनी मिळून करा. एकानं पक्षी जुन्या टॉवेलमध्ये धरायचा, डोकं जबड्याच्या दोन्ही बाजूंनी. छाती दाबायची नाही: पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतं, छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो. घट्ट आवळला तर हातातच गुदमरतो.

दुसऱ्यानं पंख उजेडाकडे पसरून बघायचा. टोकाकडची लांब पिसं दहा असतात. एखाद्याची दांडी जाड, निळसर-काळपट दिसली तर ते वाढतं पीस, आत रक्त खेळतंय. ते कापायचं नाही, आणि त्याला आधार म्हणून शेजारचं एक पीसही ठेवायचं. अशी बरीच असतील तर त्या दिवशी कामच करू नका.

बाहेरून आत मोजत, कॉकाटेलची दोन्ही बाजूंची चार-चार पिसं, एकेक करून कापा. वरच्या आखूड पिसांच्या थराच्या किंचित बाहेर कात्री लावायची. मग गादीवर, कमरेएवढ्या उंचीवरून सोडून बघा. तिरपा तरंगत उतरला तर बस्स. वर चढला तर दोन्हीकडून एकेक आणखी. दगडासारखा पडला तर जास्त कापलं गेलं. असे पक्षी छातीवर आपटतात आणि छातीच्या हाडावरची कातडी फाटते. एकच पंख कातरायची पद्धत काही जण सांगतात, ती मुळीच नको. तोल जाऊन पक्षी गरगरत आदळतो.

चुकून वाढतं पीस कापलं गेलंच तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरा. तालुक्याच्या दवाखान्यात बहुधा गाई-बकऱ्यांचंच काम चालतं, आणि नागपूर-अकोल्याची पशुवैद्यकीय महाविद्यालयं लांब. म्हणून डबा आधीच हाताशी हवा. रक्त थांबलं नाही तर मात्र लांब असलं तरी निघावंच लागतं.

कापलेलं पीस वाढत नाही. ते गळून नवं येतं, त्याला काही महिने ते वर्षही लागतं. तोवर दर आठवड्याला पंख पसरून बघत जा, कारण नवं एकटं पीस शेजारी आधार नसल्यानं सहज मोडतं.