ऊद म्हणजे नेमका कोण?

जानेवारीतली पाणपक्षी गणना. नाशिकच्या निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्यावर आम्ही साडेसहालाच टेलिस्कोप लावला, पण धुक्यात समोरचं बेटही दिसेना. गोदावरी-कादवेचं पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, म्हणून इथं बदकांना हवं तसं उथळ पाणी मिळतं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ते हेच.

धुकं विरलं. वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांचा पट्टा, त्यात तलवार बदकं, थापट्या बदकं. दहा पक्षी मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरायची आणि त्याच मापानं थवा पुढं मोजत न्यायचा. चारशेच्या पुढं गेलो आणि दलदली ससाणा आडवा आला. बदकं उठली आणि निम्मी शेजारच्या गटाच्या हद्दीत उतरली. वारकरी मात्र उडाले नाहीत, एकमेकांना चिकटून गोळा झाले. अशा वेळी ‘उरलेले’ मिळवत बसलं की तेच पक्षी दोनदा मोजले जातात. आकडा खोडला, वेळ लिहिली, पहिल्यापासून सुरुवात.

दहाच्या सुमारास होडीवाले मामा म्हणाले, “सकाळी सहाला खडकावर ऊद होते, दोन.” इथंच घोळ होतो. ऊद म्हणजे पाणमांजरही आणि झाडावर चढणारं उदमांजरही! दोघांच्याही पंजाला पाच बोटं, त्यामुळं नुसती बोटं मोजून भागत नाही.

खडकाखालच्या चिखलात ठसा होता, जवळजवळ सात सेंटिमीटर रुंद. बोटांमधला पडदा एकाच ठशात धड उमटला होता. पातळ चिखलात तो भरून जातो, म्हणून घट्ट ओल शोधायची. खरी खात्री विष्ठेनं दिली. काडीनं उकलली तर मासळीचे खवले, खेकड्याच्या कवचाचे तुकडे आणि मासळीचाच उग्र वास. उदमांजराची असती तर या दिवसांत बोराच्या बिया निघाल्या असत्या.

प्राण्याच्या अंगाची उष्णता जाणवली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावू, असं कुणीतरी सुचवलं. वनविभागाची परवानगी लागते हे झालंच, पण नुकत्याच पाण्यातून आलेल्या ओल्या अंगाची उष्णता सेन्सरला नीट कळत नाही. प्राणी समोरून जातो आणि कार्ड कोरं राहतं.

उसाच्या कडेला बिबट्याचाही माग होता. चार बोटं, नखं नाहीत. निफाडात त्याचं कुणाला अप्रूप नाही.

तक्त्यात लिहिलं : पाणमांजर, ठसा व विष्ठा, प्रत्यक्ष दर्शन नाही.

मामा वाकून वाचत होते. “दर्शन मला झालं की!”

खाली वेगळी ओळ घातली : स्थानिक माहिती, सकाळी ६, दोन.