तुम्ही विचारलंत म्हणून: एका स्टडला दोन दिवस का लागतात

"मिस्त्री, एवढ्याशा एका बोल्टाला दोन दिवस कामून लागतेत?" परभणीत जिंतूर रस्त्यावरच्या माझ्या गॅरेजमध्ये हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा नीट लिहावे असे वाटले. मागच्या आठवड्यात मानवतहून आलेल्या एका गुरुजींनीही तोच विचारला. त्यांच्या गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करून बाहेरच्या नळीत सोडणाऱ्या भागाचा, शेवटचा स्टड हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, आतच तुटून राहिला होता.

स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली छोटी सळई; तिचे एक टोक हेडमध्ये बसलेले असते आणि दुसऱ्यावर नट आवळून मॅनिफोल्ड धरून ठेवलेला असतो. मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुपटीने प्रसरण पावते. त्यामुळे गाडी तापताना आणि निवताना दर वेळी दोन्ही धातू एकमेकांवर किंचित सरकतात, आणि ही ओढ टोकांच्या स्टडवर सर्वांत जास्त येते. म्हणूनच तुटलेला स्टड बहुतेक वेळा पहिला नाहीतर शेवटचा निघतो.

स्टड तुटला की मॅनिफोल्ड आणि हेडमध्ये फट पडते आणि तिथून धूर निसटतो. सकाळी थंड इंजिन सुरू केले की टक्-टक् आवाज येतो आणि गाडी तापली की धातू फुगून फट बुजते व आवाज कमी होतो. गुरुजींना तो टॅपेटचा, म्हणजे इंजिनच्या झडपा हलवणाऱ्या भागाचा, आवाज वाटला होता. मी त्यांना गॅस्केटच्या, म्हणजे हेड आणि मॅनिफोल्डमध्ये फट राहू नये म्हणून घातलेल्या पातळ थराच्या, कडेला उमटलेला काजळीचा पट्टा दाखवला. आवाज एक वेळ चालवून घेता येईल, पण त्या फटीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो, आणि त्याला रंगही नसतो आणि वासही नसतो. घरची लेकरेबाळे त्याच गाडीत बसतात, म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' असे मी कोणालाही म्हणू देत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी फक्त तारेच्या ब्रशने गंज झाडतो आणि प्रत्येक नटाच्या व स्टडच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडतो. ते आट्यांत मुरायला रात्र द्यावीच लागते, कारण घाईने पाना मारला तर एका तुटलेल्या स्टडचे दोन होतात. सकाळी नट आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, आणि अडला की पुन्हा मागे न्यायचा.

गुरुजींचा स्टड हेडच्या पातळीलाच तुटला होता, म्हणजे पकडीला काहीच नव्हते. अशा वेळी मी वेल्डिंगचा मार्ग धरतो. बॅटरीच्या वायरी सोडून, हेडची तोंडे झाकून, तुटक्या स्टडच्या तोंडावर थेंबाथेंबाने वेल्ड चढवला. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, म्हणून नेम साधला तर हेड वाचते. त्यावर वॉशर, वॉशरवर नट ठेवून जोडला. या आचेनेच गंजाची पकड सैल होते. लाली उतरेपर्यंत थांबून पाना लावला, तर नट उखडून हातात आला. दुसऱ्यांदाही तेच झाले. तिसऱ्यांदा कर्र असा बारीक आवाज आला आणि पाना नखभर फिरला. मग तेल, थोडे पुढे, थोडे मागे, असे करत पाऊण तासाने तो तपकिरी भुकटीसकट बाहेर आला.

वेल्ड धरलाच नाही तर ड्रिल करावे लागते. तुटक्या स्टडच्या बरोबर मध्यावर पंच मारून, बारीक भोकापासून वाढवत जायचे. नेम जरा चुकला की ड्रिल कठीण स्टड सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसते आणि मग हेडमध्ये नवे आटे बसवावे लागतात. ईझी-आउट, म्हणजे भोकात अडकवून तुटका स्टड उलटा फिरवून काढायचे हत्यार, मात्र मी शक्यतो वापरत नाही. तो आत तुटला तर त्याच्या कडक पोलादावर साधे ड्रिल चालत नाही आणि काम दसपट वाढते.

पुढचे काम सरळ असते. आटे टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, साफ करायचे, नव्या स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळून त्यांच्या आधाराने तो बसवायचा, मॅनिफोल्डची बैठक पट्टी धरून तपासायची आणि गॅस्केट नवेच घालायचे. बैठक वाकडी असेल तर ती घासून घ्यावी लागते, नाहीतर नवा स्टडही तुटतो. नट मधून टोकांकडे, टप्प्याटप्प्याने, कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने टॉर्क पान्यावर, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यावर, आवळायचे.

एवढे करून संध्याकाळ होते, पण किल्ली मी तेव्हा देत नाही. ही फट थंड इंजिनावरच बोलते, म्हणून गाडी आणखी एक रात्र गॅरेजमध्ये राहते. गुरुजी सकाळी साडेसहाला आले. मी इंजिन सुरू केले आणि मॅनिफोल्ड तापायच्या आत शेवटच्या स्टडजवळ तळहात धरला. हाताला हवेची एकही फुंकर लागली नाही, तेव्हा मी त्यांनाही हात धरून बघायला सांगितले.