यॉलचा वडा: आमची वाटचाल

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, ब्लॅकवॉटर नदी समुद्राला मिळते तिथे यॉल हे जुनं तटबंदीचं गाव आहे. तिथे आम्ही नवरा-बायको चिपर, म्हणजे चिप्स आणि तळलेल्या माशांचं दुकान, चालवतो. चिप्स, कॉड, हॅडक आणि बटाटावडा. 2014 मध्ये एक जुना ट्रेलर घेऊन सुरुवात केली, आज गावातल्या क्लॉक गेट या जुन्या इमारतीच्या पलीकडे छोटं दुकान आहे. ट्रेलरपासून दुकानापर्यंत आम्ही हौसेने आलो नाही, आम्हाला ढकलण्यात आलं. ते एकदा लिहायचंच होतं.

गावाला लागून फ्रंट स्ट्रँड, क्लेकॅसल आणि रेडबार्न असे एकापुढे एक किनारे आहेत, सगळी मिळून पाचेक किलोमीटर वाळू. 1860 मध्ये कॉर्कहून इथवर रेल्वे आली आणि शहरातली कुटुंबं रविवारी समुद्रावर यायला लागली. 1963 मध्ये रोजची गाडी बंद झाली, पण सवय गेली नाही. आता लोक मोटारीने येतात. इथलं पाणी भर ऑगस्टमध्येही थंडगार. पोहून कुडकुडत आलेल्या पोरांच्या हातात मीठ-व्हिनेगर मारलेल्या चिप्सची पिशवी द्यायची, हा या किनाऱ्यावरचा खरा धंदा. आम्ही त्यात वडा आणला. मी गुहागरचा, समुद्र, वारा आणि गरम तळण यांचं नातं मला कुणी शिकवायला नको होतं.

या गावाला बटाटा सांगायला जाणं मात्र धाडसाचं होतं. इंग्रज दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले 1588-89 मध्ये यॉलचे महापौर होते, आणि आयर्लंडमधला पहिला बटाटा त्यांनी इथे मर्टल ग्रोव्ह या घराच्या बागेत लावला असं गाव पिढ्यान् पिढ्या सांगत आलंय. कागदोपत्री पुरावा नाही, पण इथल्या माणसासमोर तसं म्हणू नये. याच पिकावर 1845 मध्ये करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. इथे बटाट्याबद्दल बोलताना लोकांचा आवाज बदलतो, तो त्यामुळे.

आमचे बटाटेवाले काका त्याच मातीतले. पूर्व कॉर्कमध्ये त्यांची शेती आहे. पहिल्या हंगामात आमच्याकडे रोख पैसे नव्हते, तर त्यांनी पोती उतरवली आणि म्हणाले, विकून झाल्यावर द्या. वर अर्धा तास थांबून चिप्स कापताना पाहिलं आणि कटरची पाती बदलायला लावली. हाताच्या दांड्याचा, बिडाचा, भिंतीला ठोकलेला तो कटर अजून आमच्याकडे आहे. विजेचे आले, गेले. पाती बोथट झाली की चिप्सच्या कडा फाटतात आणि तेल पितात. सोलायला रंबलर हे यंत्र आहे, पण डोळे आम्ही हातानेच काढतो.

काकांमुळे आम्ही बटाटा ओळखायला शिकलो. तेव्हा चिप्सला मॅरिस पायपर हा वाण, वड्याला रूस्टर. लाल सालीचा रूस्टर हा कार्लोच्या ओक पार्क संशोधन केंद्रात तयार झालेला इथलाच वाण. उकडला की पिठूळ होतो, सारण पाणी सोडत नाही. जूनमध्ये क्वीन्स वाणाचे नवे बटाटे येतात तेव्हा सगळा देश त्यांच्यामागे धावतो. घरी लोण्याबरोबर खायला उत्तम, पण तळणात घालू नका. आणि बटाटा फ्रीजमध्ये ठेवू नका. गारठ्यात त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग चिप्स बाहेरून काळपट आणि आतून कच्च्या. पहिलं तळण 140 अंशांवर, निथळून गार करायचं, दुसरं 180 वर. घाई असेल तर दुसरा धंदा बघावा.

ट्रेलर उभा राहायचा ती जागा खासगी मालकीची होती, आम्ही भाड्याने घेतलेली. दरवर्षी हस्तांदोलनावर भाडं ठरायचं. आमच्या समोर एक गृहस्थ बर्गर विकायचे. त्यांनी आमच्या रांगा पाहिल्या, आणि एका वर्षी त्यांच्या फलकावरही ‘इंडियन पोटॅटो बॉल्स’ अवतरले. बेसन पातळ, सारणात हळदीचा पत्ता नाही, लसूण तर लांबच, आणि तळण त्याच तेलात ज्यात मासे तळले. त्यावर आमचा काहीच आक्षेप नव्हता, रस्ता सगळ्यांचा आहे. पण पुढे गिऱ्हाइकं आम्हालाच विचारू लागली, तुमचा वडाही माशांच्या तेलात असतो म्हणे? ही अफवा कुठून निघाली ते सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून आमची वड्याची कढई वेगळी, झारा वेगळा, तेल वेगळं. डब्लिन-कॉर्कहून येणारी कितीतरी मराठी, गुजराती कुटुंबं केवळ त्या भरवशावर आमच्याकडे थांबायची. ती अफवा आम्हाला आजही डाचते.

2021 पासून ब्रिटनमधून बियाण्याचे बटाटे युरोपीय संघात आणायला बंदी आली, आणि मॅरिस पायपरचं बियाणं स्कॉटलंडचं. काका मार्कीज वाणाकडे वळले, आम्ही तळणाच्या वेळा पुन्हा बसवल्या. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेलाचा डबा आमच्यासाठी दुपटीहून महाग झाला, गॅसची टाकीही. त्याच वसंतात, हंगाम तोंडावर असताना, जागामालकाचा निरोप आला: समोरच्या गृहस्थांनी जास्त भाडं देऊ केलंय, जागा रिकामी करा. इतक्या वर्षांचं हस्तांदोलन एका फोनमध्ये संपलं. बायको कॉर्कच्या रुग्णालयात नर्स आहे. तो उन्हाळा घर तिच्या पगारावर चाललं. ट्रेलर शेजाऱ्याच्या आवारात झाकून ठेवला होता. विकायला काढला, गिऱ्हाईकही आलं. काका त्या दिवशी आले आणि म्हणाले, ट्रेलर वीक, पण कटर विकू नकोस.

त्यांच्याच ओळखीने गावात दुकानाची जागा मिळाली. क्लॉक गेट म्हणजे रस्त्यावरच कमानीसारखी उभी असलेली 1777 सालची इमारत. एके काळी तुरुंग, इंग्रजी सत्तेविरुद्धच्या 1798 च्या उठावातल्या बंडखोरांना तिथेच फाशी दिली. आता लोक ती पाहायला येतात आणि उतरले की भूक लागलेली असते. समुद्र दिसत नाही, पण पावसात धंदा बुडत नाही. 1 सप्टेंबर 2023 ला खाण्याच्या धंद्यावरचा व्हॅट 9 वरून 13.5 टक्क्यांवर गेला, तेही सोसलं. 2024 मध्ये जुन्या रेल्वेच्या मार्गावर मिडलटनपासून यॉलपर्यंत 23 किलोमीटरचा ग्रीनवे, म्हणजे सायकल आणि पायी चालण्याचा रस्ता, झाला. आता भर नोव्हेंबरात सायकलवाले येतात आणि एकेक जण दोन-दोन वडापाव खातो.

किनाऱ्यावर धंदा करायचा विचार असेल तर जागा पाहायला जुलैत येऊ नका, फेब्रुवारीत या. भाडेकरार लेखी करा, समोरचा कितीही सज्जन असो. तेल रोज गाळा. कढईवर धरून मीठ मारू नका, मीठ पडलं की तेल लवकर खराब होतं.

समोरचे गृहस्थ अजून त्याच जागेवर आहेत. पोटॅटो बॉल्स फलकावरून गेलेत. आमच्याकडे वड्याची कढई काउंटरवरून दिसेल अशीच बसवली आहे. कुणाला शंका असेल त्याने आत येऊन पाहावं, सोमवार सोडून आम्ही दुपारी बारापासून असतो.