केनोशा खिंडीवर आरपीएम पडला तेव्हा

कोलोरॅडोत सेस्ना १७२एन विमानावर मी डोंगरातलं उड्डाण शिकवतो. त्या सकाळी शेजारी नाशिकचा विद्यार्थी होता. सुमारे १०,००० फूट उंचीची केनोशा खिंड नुकतीच मागे पडली होती आणि आम्ही १२,५०० फुटांवर होतो. बाहेर शून्य अंश, हवा दमट, बाजूला ढग. थ्रॉटलला हात न लावता आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, २,४५० वरून २,२५० वर घसरला.

आधी विमान खिंडीपलीकडच्या साउथ पार्क या उंच खोऱ्यातल्या मोकळ्या कुरणाकडे वळवलं, मग बिघाड शोधायला घेतला. डोंगरात हा क्रम उलटला की उंचीही जाते आणि उतरायची जागाही. मागे डेन्व्हर, म्हणून परतायचा मोह होतो. पण वारा पश्चिमेचा होता. अशा वाऱ्यात डोंगरधारेच्या पूर्वेला हवा खाली कोसळते, आणि त्या बाजूला अरुंद दरी, झाडी, वळणांचा रस्ता नि विजेच्या तारा.

इंजिन बंद पडलं तर ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत खाली येण्याचा, वेग ६५ नॉट. शांत हवेत १,००० फुटांना साधारण दीड सागरी मैल मिळतो. कुरणापासून आम्ही ३,००० फूट वर, म्हणजे तक्त्यानुसार साडेचार मैल. डोंगरात मी त्यातले निम्मेच धरतो.

संशय कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात, धरलेल्या बर्फाचा होता. तिथे गरम हवा सोडणारा कार्ब हीटचा नॉब पूर्ण बाहेर ओढला. आरपीएम २,००० पर्यंत पडला, इंजिन थरथरू लागलं.

“सर, अजून पडतोय! आत ढकलू?”

“नको, राहू दे तसाच.”

इथेच घात होतो. गरम हवा विरळ, त्यामुळे ताकद घटते. शिवाय वितळलेल्या बर्फाचं पाणी सिलिंडरमध्ये जातं, म्हणून इंजिन खडखडतं. ते सुधारत असल्याचंच लक्षण. घाबरून नॉब आत ढकलला तर बर्फ पुन्हा धरतो. ही उष्णता एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून येते. इंजिन थांबलं की तीही संपते, म्हणून वाट पाहायची नाही. गरम हवेने मिश्रण जास्त रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन वाढतं, तेव्हा मिक्श्चरच्या नॉबने इंधन थोडं कमी (लीन) केलं. मिनिटभरात आरपीएम चढू लागला.

तोवर जागा हेरून झाली होती: कुंपणाला समांतर, वाऱ्याच्या तोंडावर, चढाची. इंजिन सावरलं नसतं तर ट्रान्सपाँडरवर (रडारला ओळख कळवणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा आणीबाणीचा कोड, १२१.५ या आणीबाणीच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर मेडे ही मदतीची हाक, मिक्श्चर कट-ऑफ (इंजिनचं इंधन तोडणं), फ्युएल आणि इग्निशन बंद, फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा) दिल्यावर मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, टेकण्याआधी दारं किलकिली. त्या उंचीवर काट्यावर ६० नॉट दिसतात तेव्हा खरा वेग जवळपास ७० असतो, म्हणजे धडकेची ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढते. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने उतरणं इथे फार महागात पडतं.

कुरणावर घिरट्या घालत इंजिन पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबलो. मग ढगांपासून दूर राहून पुढे निघालो. या विमानात कार्ब्युरेटरचा तापमापक नव्हता, म्हणून हीट पूर्ण द्यायची किंवा मुळीच नाही. अर्धवट हीटने कोरड्या थंडीतले हिमकणही वितळून नेमके व्हेंचुरीत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात, गोठू शकतात.